नजर चुकते कोणाची?

वर्तमानपत्राच्या आतील पानांवर, विशेषतः उन्हाळ्याच्या सुटीत आणि पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात, एक बातमी ठरावीक शब्दांत पुनःपुन्हा येत असते. दोन-अडीच वर्षांचे मूल अंगणात खेळत होते. आईची नजर चुकवून ते विहिरीकडे, शेततळ्याकडे किंवा बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्याकडे गेले. बराच वेळ दिसेना म्हणून शोधाशोध झाली आणि अखेर पाण्यात त्याचा देह सापडला. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली, हे बातमीचे शेवटचे वाक्य. सारी बातमी सहा-सात ओळींची. वाचणारा क्षणभर हळहळतो, ‘आईबापांचे लक्ष कुठे होते?’ असे पुटपुटतो आणि पान उलटतो.

‘आईची नजर चुकवून’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्यात काय काय गृहीत धरले आहे याचा कोणी विचार करीत नाही. अडीच वर्षांच्या मुलाला नजर चुकविणे म्हणजे काय, हे ठाऊक नसते. पाणी चकाकते, बेडूक उडी मारतो, चेंडू घरंगळत जातो, म्हणून ते त्या दिशेने जाते. हा दोष भाषेच्या सवयीचा म्हणून सोडून देता येईल. परंतु मुलावर नजर ठेवणे हे एकट्या आईचे काम आहे, ही नजर अखंड असू शकते आणि तिला काही मोल पडत नाही, हे जे दुसरे गृहीतक या शब्दांत दडलेले आहे ते सोडून देता येण्यासारखे नाही. बालकांच्या अपघातांविषयीची आपली सार्वजनिक उदासीनता बहुतांशी याच गृहीतकावर उभी आहे. दोष आईचा ठरला की ग्रामपंचायत, ठेकेदार, साखर कारखाना आणि शासन हे सारेच मोकळे होतात.

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक जगात चौथा लागतो, आणि एकूण बुडून होणाऱ्या मृत्यूंपैकी दहांतील नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली सर्व वयोगट मिळून बुडून मेलेल्यांची संख्या सुमारे ३८ हजार होती. लहान मुलांचे असे कितीतरी मृत्यू पोलिसांच्या दप्तरापर्यंत पोहोचतच नाहीत, हे खेड्यापाड्यांची ओळख असणाऱ्या कोणालाही मान्य व्हावे. सुंदरबनच्या पश्चिम बंगालमधील भागात घरोघरी जाऊन पाहणी झाली तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत बुडण्याचे प्रमाण दर लाखामागे दोनशे चाळीसच्या आसपास आढळले. एखाद्या साथीच्या रोगाने हे प्रमाण गाठले असते तर विधिमंडळात स्थगन प्रस्ताव आला असता.

देखरेख हे श्रम आहेत

बालसुरक्षेचा विचार करणारे अभ्यासक देखरेखीचे तीन घटक मानतात. देखरेख करणाऱ्याचे लक्ष मुलाकडे असले पाहिजे, तो मुलाच्या जवळ असला पाहिजे आणि हे लक्ष व ही जवळीक सातत्याने टिकली पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी निसटला तरी बाकीचे दोन निरुपयोगी ठरतात. ओट्यावर बसून धान्य निवडणारी आजी मुलाकडे पाहत असते, पण मूल धावले तर तिच्याने उठवत नाही. स्वयंपाकघरातील आई चार पावलांवर असते, पण तिचे लक्ष तव्यावर असते. बुडणारे लहान मूल बहुधा हाकही मारीत नाही. त्याच्या धडाच्या मानाने डोके जड असते, ते तोंडघशी पडते आणि काही मिनिटांत, कसलाही आवाज न होता, सारे संपते. त्यासाठी विहीरच लागते असेही नाही. न्हाणीघरातील अर्धी भरलेली बादलीही पुरते.

अशी अखंड देखरेख दिवसाचे दहा-बारा तास करणे हे एका माणसाचे पूर्णवेळ काम आहे. आता हे काम जिच्याकडे सोपविले आहे तिच्या दिवसाचा हिशेब पाहावा. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने २०२४ साली देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले, की स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी, झाडलोट अशा विनावेतन घरकामात स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, म्हणजे पाच तासांना थोडाच कमी वेळ जातो. हेच काम करणाऱ्या पुरुषांचा वेळ ८८ मिनिटे भरतो. मुलांची व आजाऱ्यांची काळजी घेण्यात या कामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे आणखी सव्वादोन तास जातात, पुरुषांचा सव्वा तास. आणि मुळात असा भाग घेणारे पुरुष स्त्रियांच्या निम्मेच आहेत. याच्या जोडीला शेतावरची, वीटभट्टीवरची वा घरकामाची मजुरी धरली, तर त्या स्त्रीच्या दिवसात मुलाकडे केवळ पाहत बसण्यासाठी वेळ उरत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

अर्थशास्त्राचा संबंध पुढे येतो. जी वस्तू दुर्मीळ असते तिला किंमत असते आणि ज्याच्यापाशी पैसा असतो त्याला ती मिळते, हा बाजाराचा साधा नियम देखरेखीलाही लागू पडतो. शहरातील सुस्थित कुटुंब मुलासाठी बाई ठेवते, त्याला पाळणाघरात किंवा शिशुवर्गात पाठविते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कुटुंब जेथे राहते तेथे देखरेखीची गरजच कमी केलेली असते. खिडकीला गज असतात, गच्चीला कुलूप असते, पाण्याच्या टाकीला झाकण असते, इमारतीच्या फाटकावर रखवालदार असतो. या घरातील आईचीही नजर दिवसातून दहा वेळा चुकते. त्याची परिणती गुडघा फुटण्यात किंवा कपाळाला टेंगूळ येण्यात होते. उघड्या विहिरीपाशी राहणाऱ्या मजूर स्त्रीची नजर दिवसातून एकदा चुकते आणि मूल हातचे जाते. चूक तीच असते, शिक्षा मात्र ऐपतीप्रमाणे ठरते. अपघात म्हणजे दैव, असे मानणाऱ्यांनी हे दैव गरिबाच्याच दाराशी इतक्या नेमाने का येते, याचा विचार करावयास हवा.

ज्यांना देखरेख विकत घेता येत नाही ते ती घरातूनच उसनी आणतात आणि ही उसनवारी बहुधा थोरल्या बहिणीकडून होते. आठ वर्षांची ताई दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर फिरते. तिची शाळा बुडते, हा त्या देखरेखीचा खर्च होय. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच. आणि आठ वर्षांच्या मुलीने केलेली देखरेख ही देखरेख म्हणून पुरेशीही नसते, कारण खेळात रमणे हा तिचाही हक्क आणि तिचाही स्वभाव असतो. भाऊ पाण्यात पडला तर त्याला काढायला तीही उतरते. मग बातमीत ‘भाऊ-बहिणीचा करुण अंत’ असे शब्द येतात.

शेजारच्या देशाचा धडा

या प्रश्नाकडे दुसऱ्या दृष्टीने पाहता येते आणि ती दृष्टी फलदायी ठरते, हे बांगलादेशाने दाखवून दिले आहे. नद्या, खाड्या आणि घरामागच्या पुकुरांचा, म्हणजे तळ्यांचा, हा देश. जुलाबाने आणि गोवर-धनुर्वातासारख्या रोगांनी दगावणाऱ्या मुलांची संख्या त्या देशाने मीठ-साखरेचे पाणी आणि लसीकरण यांच्या बळावर मोठ्या चिकाटीने खाली आणली. २००३ साली तेथे आठ लाखांहून अधिक लोकसंख्येची आरोग्य व अपघात पाहणी झाली, तेव्हा रोगांचा पूर ओसरल्यावर खालून वेगळाच खडक वर आलेला दिसला. एक वर्षाहून मोठ्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बुडणे हे होते. वर्षाला सुमारे १७ हजार मुले, म्हणजे दररोज शेहेचाळीस, पाण्यात जात होती.

या मृत्यूंचा वेळ आणि स्थळ यांचा तपशील जमविल्यावर जे हाती आले ते अधिक बोलके होते. बहुतेक लहान मुले घरापासून वीसेक मीटरच्या आत असलेल्या तळ्यात बुडत होती आणि तीही मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात. तो वेळ स्वयंपाकाचा, धुण्याचा, गुराढोरांच्या कामाचा. बाप शेतावर, मोठी भावंडे शाळेत आणि आई चुलीपाशी. आई कामात असते म्हणून मूल बुडते, हा निष्कर्ष त्यातून निघत होता. त्यावरून ‘आईने अधिक दक्ष राहावे’ असा उपदेश करणारी पत्रके छापता आली असती. बांगलादेशातील अपघात-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थेने त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारला: या चार तासांत आईला काम करावेच लागणार असेल, तर मूल कोणाच्या डोळ्यांसमोर असावे?

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘आंचल’. बंगालीत आंचल म्हणजे पदर. गावातल्याच एखाद्या स्त्रीच्या घरी, आठवड्याचे सहा दिवस, सकाळी नऊ ते एक या वेळात, वीस-पंचवीस मुले एकत्र ठेवावयाची. सांभाळणारीला ‘आंचल-मा’ म्हणतात, तिच्या हाताखाली एक मदतनीस असते, दोघींना प्रशिक्षण आणि मानधन मिळते. खोलीला दाराशी आडवे असते, मुलांना गाणी, खेळ, अक्षरओळख मिळते. यात कसलेही यंत्र नाही, इमारत नाही. २०१३ ते २०१५ या काळात सात उपजिल्ह्यांत अशी तीन हजारांहून अधिक केंद्रे चालवून त्यांचा परिणाम मोजण्यात आला. आंचलमध्ये जाणाऱ्या मुलांचा बुडून मरण्याचा धोका सुमारे ८८ टक्क्यांनी कमी झाला, असे त्या अभ्यासाने दाखविले.

त्याच प्रयोगातील दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. काही कुटुंबांना मूल ठेवण्यासाठी लाकडी वा प्लास्टिकचा कठडेवजा पिंजरा देण्यात आला होता. तो स्वस्त होता आणि एकदाच देऊन भागणारा होता. पण बुडण्यापासून त्याचे म्हणण्याजोगे संरक्षण दिसून आले नाही. मूल त्यात फार वेळ राहत नाही; रडू लागते, आई त्याला बाहेर काढते आणि पुन्हा कामाला लागते. एखादी वस्तू वाटून देखरेखीचा प्रश्न मिटविण्याची इच्छा शासनांना नेहमीच होते, कारण वस्तूचे वाटप छायाचित्रात दिसते. माणसाच्या जागी माणूसच लागतो, हा या प्रयोगाचा खरा धडा होय.

या अनुभवाचा परिणाम बांगलादेशापुरता राहिला नाही. त्या देशाने आयर्लंडच्या साथीने पुढाकार घेतला आणि २८ एप्रिल २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडण्यापासून संरक्षणाविषयीचा पहिला ठराव संमत केला. २०२२ साली बांगलादेश सरकारने सोळा जिल्ह्यांत आठ हजार बालसंगोपन केंद्रे काढून एक ते पाच वर्षांच्या सुमारे दोन लाख मुलांना त्यांत सामावून घेण्याची योजना मंजूर केली. एका संस्थेचा प्रयोग सरकारच्या अंदाजपत्रकात जाऊन बसला. गरीब देशाला हे परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून निराळे उत्तर देण्याचे कारण नाही.

गरज कमी करण्याचा मार्ग

देखरेख पुरविणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. देखरेखीची गरज कमी करणे हा दुसरा, आणि तो वगळून चालणार नाही. जगातील उत्तमातील उत्तम आंचल-मा देखील संध्याकाळी मुलाबरोबर घरी जात नाही. घर आणि परिसर असा असला पाहिजे, की माणसाची नजर चुकणारच हे धरूनही मूल वाचावे.

या संदर्भात न्यूयॉर्क शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील गरीब वस्त्यांतील उंच इमारतींच्या खिडक्यांतून उन्हाळ्यात लहान मुले पडून मरत असत. १९७२ साली शहराच्या आरोग्य खात्याने ब्रॉंक्स भागात आईबापांना समजावून सांगण्याची मोहीम काढली, पण केवळ समजावणीवर न थांबता खिडक्यांना लावण्याचे गज फुकट पुरविले. पडणाऱ्या मुलांची संख्या घटली. तेव्हा १९७६ साली लहान मुले राहत असलेल्या घरांच्या खिडक्यांना गज बसविण्याचे बंधन घरमालकांवर नियमाने घालण्यात आले. ज्याच्या हाती इमारत आहे त्याच्यावर जबाबदारी, असा हा साधा न्याय होता. त्याआधी, १९७० मध्ये, अमेरिकेने औषधांच्या व विषारी रसायनांच्या बाटल्यांना मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी बुचे लावण्याचा कायदा केला होता. दोन्ही ठिकाणी विचारसरणी एकच: आईच्या नजरेवरचा भार जेवढा उतरविता येईल तेवढा उतरवावा.

महाराष्ट्रात हा भार उतरविण्याऐवजी आपण तो वाढवीत आलो आहोत, असे खेदाने म्हणावे लागते. कठडा नसलेल्या विहिरी हा जुना वारसा झाला. शेततळी ही अलीकडची भर. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली सुरू झाली. दुष्काळी भागाला तिचा लाभ झाला हे कोणी नाकारणार नाही. परंतु प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर घातलेले शेततळे आणि जुनी विहीर यांत एक भयंकर फरक आहे. विहिरीच्या दगडांना, पायऱ्यांना, मुळ्यांना हात तरी लागतो. ओल्या कागदाच्या उतारावरून मूलच काय, पोहता येणारा तरुणही वर चढू शकत नाही. वाचवायला उतरलेला बाप मुलासह बुडाल्याच्या बातम्या म्हणूनच येतात. तळे खणण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होत असेल, तर भोवतालचे कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर ही त्या तळ्याची अंगेच मानली पाहिजेत. ती पूर्ण झाल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये, एवढा नियम केला तरी पुष्कळ साधेल. रस्त्याच्या व इमारतीच्या ठेकेदाराने खणलेल्या खड्ड्यांनाही हाच न्याय लावावयास हवा.

अंगणवाडीची उरलेली अर्धी गोष्ट

पाळणाघराची कल्पना आपल्याला परकी आहे असे मात्र नाही. किंबहुना तिचा एक महत्त्वाचा उगम याच भूमीत आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यावी, हा ‘अंगणवाडी’चा विचार त्यांचा. त्याहून आजच्या प्रश्नाला लागू पडणारा विचार म्हणजे त्यांची ‘विकासवाडी’. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले शाळेत येत नाहीत हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटे पाळण्यात, मधले खेळात आणि थोरली वर्गात. देखरेख आणि शिक्षण हे दोन निराळे प्रश्न नाहीत, हे तेथे प्रत्यक्ष कृतीने सिद्ध झाले होते.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिने कोसबाडचे नाव उचलले, विचार मात्र अर्धाच उचलला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांत तीन ते सहा वर्षांची मुले काही तास येतात. तीन वर्षांखालील मुलांसाठी घरपोच आहार दिला जातो. म्हणजे पाकीट घरी येते आणि मूल घरीच राहते. ज्या वयात मूल चालू लागलेले असते पण त्याला धोका कळत नसतो, नेमक्या त्या एक ते तीन वर्षांच्या काळात त्याला बसायला सरकारी जागा नाही.

कायद्यांची उणीव आहे असेही नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास पाळणाघर सक्तीचे केले होते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्यात तशी तरतूद आली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम राहिले. पण या साऱ्या तरतुदी हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीसाठी आहेत. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून ऊसतोडीला जाणारी स्त्री कोणाच्या हजेरीपटावर असते? तिची उचल नवऱ्यासह एका कोयत्याच्या हिशेबात मुकादमाकडे असते आणि कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो. पहाटे ती फडात उतरते तेव्हा धाकटे मूल बांधावर, उसाच्या पाचटात निजविलेले असते. आजूबाजूला बैलगाड्या, ट्रॅक्टर, कालव्याचे पाणी. थोरल्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, पण दोन वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवता येत नाही.

राष्ट्रीय पाळणाघर योजनेची कहाणी याहून उद्बोधक आहे. २००६ साली सुरू झालेल्या या योजनेत एके काळी देशभर वीस हजारांहून अधिक पाळणाघरे होती. केंद्राने आपला वाटा आखडता घेतल्यानंतर २०२० पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली तिला ‘पाळणा’ हे नवे नाव मिळाले आणि १७ हजार अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड देण्याचे ठरले. १४ लाखांतील १७ हजार म्हणजे शंभरांत सव्वा. दिशा योग्य आहे, परंतु या गतीने ती गाठावयास किती पिढ्या लागतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. याच काळात ग्रामीण भागातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांचे श्रमशक्तीतील प्रमाण २०१७-१८ मधील २४.६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्क्यांवर गेले, असे सरकारचीच श्रमशक्ती पाहणी सांगते. कामाला जाणाऱ्या आया वाढत आहेत आणि मुलांना सांभाळणाऱ्या जागा घटल्या आहेत. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीतूनच मुले निसटतात.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातील. पूर्वीच्या एकत्र कुटुंबांत मुले आपोआप सांभाळली जात, ती व्यवस्था मोडल्याचे हे फळ आहे, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्याचा अंश आहे. परंतु ‘आपोआप’ हा शब्द फसवा आहे. ते काम तेव्हाही विधवा आत्या, म्हातारी आजी आणि शाळेत न गेलेल्या मुली करीतच होत्या. त्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत, म्हणून ते आपोआप वाटते. शिवाय जुन्या वाड्यांतील विहिरींनी किती मुले गिळली याचीही नोंद कोणी ठेवलेली नाही.

मुलांना सतत डोळ्यांसमोर ठेवले तर ती भित्री होतील, असा दुसरा आक्षेप. शहरी सुखवस्तू मुलांच्या बाबतीत तो रास्तही असेल. झाडावर चढणे, पडणे, खरचटणे हा बालपणाचा भाग आहे. पण खरचटणे आणि मरणे यांत भेद करता आला पाहिजे. कुंपण घातलेल्या तळ्याशेजारी मुलाला मोकळे खेळता येते. उघड्या तळ्याशेजारी त्याला दोरीने खाटेच्या पायाला बांधून ठेवावे लागते. सुरक्षित परिसर मुलाचे स्वातंत्र्य वाढवितो. आणि सहा वर्षांपुढील मुलांना पोहणे शिकविणे हे तर गावोगावच्या शाळांनी हाती घेण्यासारखे काम आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. पाळणाघराचा खर्च दर मुलामागे किती, एवढेच पाहिले तर तो जड वाटतो. पण त्या एका खर्चातून मुलाचा जीव वाचतो, त्याला वेळेवर खाऊपिऊ मिळते, आईची मजुरी बुडत नाही आणि थोरली बहीण शाळेत जाते. एवढी फळे देणारे दुसरे खर्चाचे कलम अंदाजपत्रकात सहसा सापडणार नाही. मात्र ही काटकसर अंगणवाडी सेविकेच्या जिवावर होता कामा नये. आहार, नोंदी, सर्वेक्षणे, भ्रमणध्वनीवरील माहितीची भरती यांखाली ती आधीच वाकली आहे. तिलाच आणखी दोन तास थांबवून पाळणाघर उघडल्याची घोषणा करणे म्हणजे एका स्त्रीच्या फुकट श्रमांऐवजी दुसरीचे फुकट श्रम वापरणे होय. स्वतंत्र माणूस, रीतसर प्रशिक्षण आणि योग्य वेतन या तीन अटी मान्य केल्या तरच पाळणाघर हे पाळणाघर ठरेल.

हे होऊ शकते, याचा दाखलाही देशातच आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, दिल्लीत राजघाटाजवळ चाललेल्या बांधकामावर मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच तंबूत पाळणाघर काढले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि १९७२ पासून मुंबईतही बांधकामांवर तिचे काम सुरू झाले. जेथे आई तेथे पाळणाघर, आणि काम हलले की पाळणाघरही हलणार, हे तिचे सूत्र होते. ऊसतोडीच्या हंगामासाठी याहून वेगळे सूत्र शोधण्याची गरज नाही. प्रत्येक कारखान्याने गाळपाचा परवाना घेतानाच आपल्या कार्यक्षेत्रातील टोळ्यांमागे फिरत्या पाळणाघराची व्यवस्था दाखवावी, त्याचा खर्च टनामागे ठरवून वसूल व्हावा आणि हंगाम संपताना किती मुले त्यात होती याची नोंद जाहीर व्हावी. ज्याच्या उद्योगासाठी आई फडात उतरते त्याने तिच्या मुलाचा भार उचलणे यात दातृत्वाचा प्रश्न नाही. तो उत्पादनखर्चाचाच भाग आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या दुर्घटना टाळण्यासाठी एक आराखडा प्रसिद्ध केला आहे. तो जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर उतरावयाचा असेल तर आरंभ साध्या कामाने करता येईल. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील उघड्या विहिरी, शेततळी, खाणींची डबकी आणि खड्डे यांची यादी करून ग्रामसभेपुढे ठेवावी. त्याच यादीशेजारी एक ते पाच वर्षांच्या मुलांची आणि त्यांच्या आया दिवसाच्या कोणत्या वेळी कामावर असतात याची यादी ठेवावी. या दोन याद्या एकत्र वाचल्या की कठडा कोठे बांधायचा आणि पाळणाघर कोणत्या वेळी उघडायचे हे सांगण्यास तज्ज्ञ लागणार नाही. यादीत नोंद असूनही विहीर उघडी राहिली आणि मूल गेले, तर पोलिसांच्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदीत आईच्या जबाबाबरोबर ग्रामपंचायतीचाही जबाब घेतला गेला पाहिजे.

तसे झाले तर कदाचित त्या बातमीतील वाक्यही बदलेल. मूल ‘आईची नजर चुकवून’ गेले असे लिहिण्याऐवजी, आई कोणत्या कामावर होती, पाळणाघर किती अंतरावर होते आणि विहिरीला कठडा का नव्हता, हे बातमीदार विचारू लागेल. माणसाची नजर चुकणारच. ती चुकल्यानंतरही मूल जिवंत राहील अशी व्यवस्था करणे ही ज्यांची जबाबदारी आहे, त्यांची नजर मात्र गेली कित्येक वर्षे दुसरीकडेच वळलेली आहे.